पाठीला बाक असणाऱ्यांसाठी पिलाटीस: एरंडवण्यातल्या एका स्टुडिओचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. पिलाटीस म्हणजे धड स्थिर ठेवून, चटईवर किंवा स्प्रिंगांच्या यंत्रांवर करायचा व्यायामप्रकार. त्यासाठी पुण्यात एरंडवण्यातल्या या छोट्या स्टुडिओत मी दीडेक वर्षापासून जाते आहे. माझ्या कण्याचा बाक गेलेला नाही, आणि तो जाईल असं मला तिथे कुणी सांगितलंही नव्हतं. पण तासभर चाललेल्या ख्यालाला साथ करून झाल्यावर, तंबोरे गवसणीत जाईपर्यंत मी आता मंचावर बसलेली असते. पूर्वी मध्यंतरात आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर आडवं व्हावं लागायचं. ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी इथे जावं असं मी मनापासून सांगेन, फक्त नेमकं कशासाठी जायचं ते समजून जावं.

मी संवादिनी शिकवते आणि साथ करते. वय ५२. पाठीचा बाक आठवीत असताना लक्षात आला, तोही गणवेशाचं माप घेणाऱ्या शिंप्याच्या. ‘हिचा उजवा खांदा वर आहे’ असं तो आईला म्हणाला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वळणं, असं नाव सांगितलं, वाढ थांबली की बाकही थांबेल म्हणाले आणि पोहायला पाठवलं. बाकाबद्दलचं हे म्हणणं सगळ्यांना लागू होत नाही. लहान बाक मोठेपणी बहुधा तसेच राहतात, पण ५० अंशांच्या पुढचे बाक वाढ संपल्यावरही हळूहळू वाढत राहतात, वर्षाला साधारण एक अंश या गतीने. माझा वरचा बाक उजवीकडे ३६ अंश आणि खालचा, कमरेतला, डावीकडे २८ अंश. म्हणजे मधल्या गटातली मी. शस्त्रक्रियेची गरज नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही.

अंश कसे मोजतात ते थोडक्यात सांगते, कारण स्टुडिओत गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सर्वांत कललेले मणके निवडायचे, त्यांच्या कडांना धरून रेघा ओढायच्या आणि त्या रेघांमधला कोन मोजायचा. याला कॉब अँगल म्हणतात. १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस धरतात. पण कोन म्हणजे सगळा आजार नव्हे. कणा नुसता बाजूला गेलेला नसतो, मणके स्वतःभोवती फिरलेलेही असतात, आणि बरगड्या त्यांनाच जोडलेल्या असल्यामुळे त्याही फिरतात. म्हणून मी पुढे वाकले की उजवीकडची पाठ वर येते, आणि समोरून पाहिलं तर डाव्या बरगड्या किंचित पुढे असतात. माझ्या ब्लाऊजचा डावा खांदा आजही शिंप्याला आत मारावा लागतो.

या स्टुडिओचं सगळं मोल पहिल्या भेटीतच कळलं. तिथली ट्रेनर मुळात फिजिओथेरपिस्ट आहे, नंतर तिने पिलाटीसचं आणि मग श्रॉथ पद्धतीचं, म्हणजे बाकासाठीच्या खास व्यायामांचं, शिक्षण घेतलं. तिने पहिल्या दिवशी मला यंत्राला हातसुद्धा लावू दिला नाही. उभ्याने काढलेला एक्स-रे मागितला. जुना असेल तर तोही आणा म्हणाली, बाक वाढतोय की थांबलाय हे त्यावरूनच कळतं. मला पुढे वाकवून पाठीवर एक छोटं उपकरण ठेवलं, स्कोलिओमीटर, आणि पाठ किती अंश फिरलेली आहे ते लिहून घेतलं. पाळी गेली आहे का, हाडांची घनता (डेक्सा) तपासली आहे का हे विचारलं. नव्हती तपासली. ‘काकू, डेक्साचा रिपोर्ट येईपर्यंत मी तुम्हाला पुढे वाकायचा एकही व्यायाम देणार नाही,’ असं तिने सांगितलं. रिपोर्टमध्ये हाडं थोडी विरळ निघाली. पिलाटीसमधले पाठ गोल करून लोळायचे, पाय डोक्यावरून मागे न्यायचे प्रसिद्ध व्यायाम तिथेच माझ्या यादीतून गेले, कारण विरळ हाडांच्या मणक्यांवर असा दाब आला तर मणका पुढून चेपू शकतो.

मग ती म्हणाली, ‘आता पेटी वाजवायला बसता तशा बसा.’ मी मांडी घालून बसले, समोर पेटी आहे असं धरून डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर. ती माझ्याभोवती फिरून बघत राहिली. भाता ओढणारा माझा डावा खांदा पुढे जातो, त्याबरोबर छातीची डावी बाजू आत दबते, म्हणजे जी बाजू बाकामुळे आधीच मिटलेली आहे तीच मी वाजवताना आणखी मिटत होते. रोजचे कितीतरी तास, तीस वर्षं. हे मला कुणीही दाखवलं नव्हतं. तिने त्याच दिवशी दोन गोष्टी करायला लावल्या: पेटीखाली चार बोटं उंचीचा पाट, म्हणजे पुढे झुकावं लागत नाही, आणि एका बाजूच्या बैठकीखाली दुमडलेला पंचा. तो पंचा कोणत्या बाजूला ठेवायचा हे ज्याच्या त्याच्या कंबरेवर ठरतं, म्हणून माझी बाजू इथे लिहीत नाही.

आता यंत्राबद्दल. रिफॉर्मर म्हणजे एक लांब चौकट, तिच्यात रुळांवर सरकणारी गादी, पायाकडे गादीला जोडलेल्या स्प्रिंगा आणि एक दांडी, डोक्याकडे खांदे अडवणारे दोन ठोकळे, आणि हातापायांत अडकवायला दोरांचे पट्टे. स्प्रिंगांना ताणानुसार रंग असतात, पण ते कंपनीनुसार बदलतात, म्हणून ‘दोन लाल, एक निळी’ असं पाठ करून दुसरीकडे जाऊ नये. स्प्रिंगा जास्त लावल्या म्हणजे व्यायाम अवघड होतो असं वाटतं. पायांच्या बाबतीत ते खरं आहे. पण धड स्थिर ठेवायचं असेल तर कमी स्प्रिंगांवर जास्त मेहनत पडते, कारण गादीला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ते काम पोटाच्या व पाठीच्या खोल स्नायूंना करावं लागतं. माझ्या हलक्या स्प्रिंगांच्या दिवसांनंतरच मला दुसऱ्या दिवशी कंबरेत आतवर काम झाल्यासारखं वाटतं.

पाठीला बाक असलेल्या माणसासाठी या यंत्रात एक अडचण आहे, आणि ती सांगणारी ट्रेनर मिळणं हेच नशीब. उताणं झोपून पायांनी दांडी ढकलताना सगळा जोर खांद्यांच्या ठोकळ्यांवर येतो. माझा उजवा खांदा वर, म्हणून तो आधी टेकतो आणि धड एका बाजूला दाबलं जातं. इथे डाव्या ठोकळ्याला फोमची पट्टी लावून दोन्ही खांदे एकदम टेकतील असं करतात, उजवीकडच्या फुगीर पाठीखाली पातळ घडी ठेवतात आणि मगच पहिली ढकल. या तयारीला पाच-सात मिनिटं जातात. सुरुवातीला मला वाटायचं, एवढे पैसे घेऊन वेळ घड्या घालण्यात जातोय. आता त्या घडीवाचून केलेला व्यायाम मला व्यायाम वाटत नाही.

माझ्या व्यायामांत डावी आणि उजवी बाजू सारखी नसते. याआधी मी शहरातल्याच एका मोठ्या जिममधल्या समूहवर्गाला जात होते. पंधरा बायका, एक माइक, आणि सगळ्यांनी दोन्हीकडे दहा-दहा. पाठीवर लोळायच्या व्यायामात माझ्या उजव्या बरगड्या प्रत्येक वेळी लादीला लागायच्या आणि काळ्यानिळ्या व्हायच्या. तिथल्या प्रशिक्षकाला मी बाकाबद्दल सांगितलं तेव्हा ‘मग बाजूला जास्त वाका, सुटेल’ असं उत्तर मिळालं. इथे आल्यावर कळलं की ते किती अर्धवट होतं. मला दोन बाक आहेत, विरुद्ध दिशांचे. वरचा सुधारावा म्हणून मी उजवीकडे झुकले तर कमरेतला डावीकडचा बाक वाढतो, आणि डावीकडे झुकले तर वरचा. नुसतं झुकून काहीच साधत नाही. आधी कणा उंचावून लांब करायचा, कंबर जागेवर धरायची, आणि मग श्वास नेमका दबलेल्या जागी न्यायचा.

हा श्वासाचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. उजव्या कुशीवर झोपायचं, उजव्या बरगड्यांखाली टॉवेलची गुंडाळी, डावा हात डोक्यावरून लांब. गुंडाळी बरगड्यांखालीच हवी, ती कमरेखाली सरकली तर खालच्या बाकाला उलटा धक्का बसतो, म्हणून पहिले काही महिने ट्रेनर ती स्वतःच ठेवायची, मला ठेवू द्यायची नाही. मग ती माझ्या डाव्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली दोन बोटं टेकवते आणि म्हणते, ‘इथे.’ त्या बोटांना आतून ढकलायचं, पण खांदा न उचलता. भात्याची एखादी घडी चिकटून बसली की बाकीच्या घड्या कितीही फुगल्या तरी वारा पुरत नाही, तसंच माझ्या डाव्या बरगड्यांचं झालं होतं. पहिल्या महिन्यात तिथे काहीही हलायचं नाही. मला तर ती जागा माझी आहे असंच वाटायचं नाही. एका सकाळी तिची बोटं सरकली आणि ती काही बोलायच्या आधी मलाच कळलं. त्यानंतर विद्यार्थ्यांना पलटे गाऊन दाखवताना माझा श्वास मध्येच तुटत नाही हे लक्षात येऊ लागलं. माझ्या अंशांत फुप्फुसांना धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, तेव्हा यात आजार बरा झाला असं काही नाही. बंद पडलेला कोपरा वापरात आला, इतकंच.

हे काम मूळ पिलाटीसमधलं नाही, ते श्रॉथ पद्धतीतून आलं आहे. कॅथरिना श्रॉथ ही जर्मन बाई, तिच्या स्वतःच्या पाठीला बाक होता. १९२१ साली तिने मैसेनमध्ये उपचार सुरू केले, ते याच विचारावर: दबलेल्या बाजूत श्वास भरायचा आणि फिरलेले मणके उलट दिशेने न्यायचे. जोसेफ पिलाटीस तिच्याच काळातला, १८८३ सालचा, तोही जर्मन. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत स्थानबद्ध केलं होतं. पुढे तो न्यूयॉर्कला गेला, तिथे स्टुडिओ काढला, आणि आपल्या पद्धतीला तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचा. शरीरावर मनाचा ताबा हा त्याचा आग्रह. त्याची यंत्रं उत्तम आहेत, पण ती दोन्ही बाजू सारख्या असलेल्या शरीराचा विचार करून बनलेली आहेत. फिरलेल्या कण्यासाठी ती वापरायची तर वापरणाऱ्याला कण्याचं वेगळं शिक्षण हवं.

आणि इथेच ग्राहक म्हणून सावध राहायला हवं. पिलाटीस हा कुणाच्या मालकीचा ट्रेडमार्क राहिलेला नाही. २००० साली अमेरिकेतल्या न्यायालयाने तो योग किंवा कराटेसारखा सामान्य शब्द ठरवला. आपल्याकडेही चार यंत्रं आणून कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून जिथे जाल तिथे विचारा: तुम्ही एक्स-रे बघता का? माझ्या बाकाची दिशा तुमच्या वहीत कुठे लिहिली आहे? डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळं काय देणार? उत्तर देताना जर कुणी ‘सहा महिन्यांत कणा सरळ करून देतो’ म्हणालं तर तिथून उठून या. मोठ्या माणसाच्या हाडांचा आकार व्यायामाने बदलत नाही. पिलाटीस आणि स्कोलिओसिस यांवरचे अभ्यास आहेत, पण ते बहुतेक लहान गटांवरचे. वेदना आणि हालचाल यांत फायदा दिसतो, मोठे दावे करण्याइतका पुरावा त्यांत नाही.

माझाच आकडा घ्या. गेल्या महिन्यात नवा एक्स-रे काढला. वरचा बाक ३६ वरून ३५. रिसेप्शनवरची मुलगी आनंदाने ‘कमी झाला की!’ म्हणाली, पण ट्रेनरने लगेच समजावलं की मोजण्यातच पाचेक अंशांचा फरक पडू शकतो, तेव्हा हा बदल धरायचा नाही. बाक वाढलेला नाही, एवढं धरायचं. पैसे घेणाऱ्या माणसाने हे स्वतःहून सांगावं याचा मला फार आदर वाटतो. बदललं ते दुसरंच. उजव्या पात्याच्या खालच्या टोकाशी जे दुखायचं ते आता खूप उशिरा सुरू होतं आणि दहा मिनिटं जमिनीवर पडलं की शमतं. मैफलीआधी घ्यायची गोळी बंद झाली. आरशात दोन्ही खांद्यांत फरक अजून आहे, पण मला हवं तेव्हा तो मी कमी करून बसू शकते, आणि कसा करायचा ते मला ठाऊक आहे.

पुण्यात राहून योगाचा विषय टाळता येणार नाही. अय्यंगार पद्धतीत दोर, विटा, खुर्च्या घेऊन शरीराला आधार देतात, ते मी बरीच वर्षं केलं आणि त्याचा मला उपयोग झाला. उभं राहायची समज तिथेच आली. रिफॉर्मरचं वेगळेपण एवढंच की स्प्रिंग लगेच चहाडी करते. एका हाताचा पट्टा आधी ताणला गेला, एक पाय जास्त ढकलला गेला, की गादी अडखळते आणि चूक त्याच क्षणी कळते. ज्यांना आसनं मानवतात त्यांनी ती सोडून इथे यायची काही गरज नाही.

आता उणिवा. पहिली, फी. वैयक्तिक तासाला १९०० रुपये. दहा तासांचे पैसे आधी भरायचे आणि ते तीन महिन्यांत संपवायचे. गणपती ते दिवाळी या काळात माझे कार्यक्रम असतात, त्यामुळे काही तास वाया गेले आणि मुदत वाढवून मिळाली नाही. हा नियम कलाकारच काय, पाळीपाळीने ड्युटी करणाऱ्या कुणालाही जाचक आहे, त्यांनी तो बदलायला हवा. दुसरी, संध्याकाळी शेजारच्या खोलीत समूहवर्ग असतो आणि तिथे गाणी इतकी मोठ्याने लावतात की श्वासाकडे लक्ष राहत नाही. सकाळी अकराच्या आत जा. तिसरी, समूहवर्गाला येणाऱ्यांचे एक्स-रे कुणी बघत नाही. ज्या जागेला कण्याची एवढी जाण आहे तिने हे करणं मला पटत नाही, आणि मी ते तिथे बोलूनही दाखवलं आहे. बाक असेल तर त्यांच्या समूहवर्गाला जाऊ नका, वैयक्तिकच घ्या.

खर्च कमी करायचा मार्ग ट्रेनरनेच दाखवला. पहिलं वर्ष आठवड्यातून दोनदा, आता एकदा. बाकीचे दिवस घरी चटई, भिंत आणि टॉवेलची गुंडाळी, रोज वीस मिनिटं. प्रत्येक व्यायामाचं चित्रीकरण तिने माझ्याच मोबाइलवर करून दिलं, मागे तिचा आवाज आहे. यंत्र विकत घ्यावं का असं मी विचारलं होतं, तर नको म्हणाली. महिनाभर कुणी बघितलं नाही तर शरीर जुन्या सोयीच्या वाटेला जातं, ते बघायला माणूस लागतं.

माझ्या क्लासला येणाऱ्या मुलींच्या आया मला विचारतात, मुलीला ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक साचा) सांगितला आहे, त्याऐवजी पिलाटीस लावू का? त्याऐवजी अजिबात नाही. वाढीच्या वयात २५ ते ४० अंशांच्या बाकाला ब्रेस सांगतात त्याला भक्कम आधार आहे. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मुलामुलींवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के मुलांचा. जितके जास्त तास ब्रेस घातला तितका फायदा जास्त. दहा-बारा वर्षांच्या मुलीला दिवसभर तो कडक साचा घालून शाळेत जायला लावणं आईच्या जिवावर येतं, मला कळतं. पण ती दोन-तीन वर्षं परत येत नाहीत. व्यायाम ब्रेसच्या जोडीने करा, आणि कोणते ते मुलीच्या अस्थितज्ज्ञांना विचारून.

पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा थोड्याच काळात वाढलेला बाक असेल तर आधी डॉक्टर, स्टुडिओ नंतर. कण्यात सळ्या बसवलेल्यांना इथे शल्यचिकित्सकांचं पत्र असल्याशिवाय घेत नाहीत, ते योग्यच आहे.

जायचं ठरवलं तर उभ्याने काढलेले नवे-जुने एक्स-रे बरोबर न्या, अंगाला बसणारा, पाठ दिसेल असा कपडा घाला आणि पहिल्या भेटीला दीड तास मोकळा ठेवा. दुचाकी गल्लीत लागते, चारचाकीला जागा नाही. स्टुडिओ पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही.